डिंक की रिव्हेट?

महागडी स्पोर्ट्स मोटार भर रस्त्यात पेटली, की बघे म्हणतात, चालवणाऱ्याने इंजिनाला फार पिळले असणार. फेरारीच्या ‘४५८ इटालिया’ गाड्या २०१० साली पेटू लागल्या, तेव्हा दोष निघाला तो चिकटवण्याच्या पदार्थात. म्हणजे आपल्या भाषेत डिंकात!

या गाडीचे इंजिन चालकाच्या पाठीमागे असते. मागच्या चाकांच्या कमानीत उष्णता अडवणारा पडदा चिकटवून बसवला होता. तो तापून वाकला व धुराच्या नळाजवळ गेला, की चिकटद्रव्य आधी धुमसे, मग पेटे. कंपनीने १,२४८ गाड्या परत बोलावून चिकटवण्याऐवजी रिव्हेट मारले.

आम्हां वाणिज्यवाल्यांना मात्र पोर्शेचा हिशेब अधिक बोलका वाटावा. २०१४ साली तिच्या दोन ‘९११ जीटी३’ पेटल्या. कनेक्टिंग रॉडचा स्क्रू सैल झाला, रॉडने इंजिनाचे कवच फोडले, सांडलेल्या तेलाने पेट घेतला. कंपनीने मालकांना गाडी न चालवण्यास सांगितले आणि सर्व ७८५ गाड्यांची इंजिने बदलून दिली. दोष स्क्रूचा, नावे पडली ७८५ इंजिने!

गाड्या मोजक्या, गिऱ्हाईक धनिक, म्हणून हे चटकन झाले, असे मला वाटते. अमेरिकेत फोर्डची स्वस्त ‘पिंटो’ १९७० पासून विकली जात होती. मागून धडक बसली की तिची पेट्रोलची टाकी फुटे, आणि आत माणसे जळत. सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या गेल्या त्या १९७८ साली.