अमर्याद फाइव्ह-जी, पण कुणाला?

३ जुलै २०२४ पूर्वी जिओ ग्राहकाला २८ दिवसांच्या, रोज दीड जीबी डेटाच्या २३९ रुपयांच्या रिचार्जवर अमर्याद फाइव्ह-जी मिळत होते. त्या दिवशी हाच प्लॅन २९९ रुपयांचा झाला. ही २५ टक्के वाढ सर्वांना दिसली. त्याहून मोठा बदल अटीत होता : अमर्याद फाइव्ह-जी तेव्हापासून रोज २ जीबी किंवा त्याहून अधिक डेटाच्या प्लॅनलाच. २८ दिवसांसाठी तो प्लॅन तेव्हा ३४९ रुपयांचा होता. म्हणजे जुनीच सोय टिकवायला ११० रुपये, सुमारे ४६ टक्के जास्त; वर्षाच्या १३ रिचार्जचे १,४३० रुपये.

मनोरे आणि स्पेक्ट्रमला प्रचंड पैसा लागतो, जास्त वापरणाऱ्याने जास्त द्यावे, असे यावर म्हटले जाते. तत्त्व मान्य. पण ही पायरी वापरावर ठरतच नाही. रोज २ जीबीवाल्याने फाइव्ह-जीवर कितीही डेटा खर्च करावा आणि दीड जीबीवाल्याला त्यातले थोडेही मिळू नये, यात वापराचे मोजमाप कुठे आहे? दरवाढ करायचीच तर ती किमतीत उघड दिसावी, अटींत दडवू नये. डिसेंबर २०२४ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने फक्त कॉल आणि एसएमएसचे वेगळे रिचार्ज देणे कंपन्यांना बंधनकारक केले. डेटाच्या अटींबाबतही तेवढाच ठामपणा हवा.