टँक : टाक्यापासून रणगाड्यापर्यंत

मूळ : इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात हिंदुस्थानातून गेला. गुजराती ‘टांकुं’ आणि मराठी ‘टाके’ ही त्याची मुळे मानली जातात. पोर्तुगीज शब्दाचाही त्याला हातभार लागला असावा. अस्सल टाकी पाहायची तर अकोले तालुक्यातला हरिश्चंद्रगड गाठावा. तिथे ती अखंड कातळात खोदलेली आहेत.

तलाव : भारतातल्या इंग्रजीत टँक म्हणजे तलावही. राळेगणसिद्धी, हिवरेबाजारचे पाझर तलाव सरकारी कागदांत ‘पर्कोलेशन टँक’ असतात.

रणगाडा : १९१५ मध्ये ब्रिटिशांनी नव्या चिलखती गाडीचे गुपित फुटू नये म्हणून तिला ‘टँक’, म्हणजे पाण्याची टाकी, असे नाव दिले. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत ती प्रथम उतरली. गुपित उघड झाले, नाव मात्र कायमचे चिकटले.

अहिल्यानगरमध्ये (पूर्वीचे अहमदनगर) : १९९४ मध्ये लष्कराने इथे रणगाडा संग्रहालय उभारले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानकडून हस्तगत केलेला पॅटन आणि भारतात बांधलेला विजयंता तिथे जवळून पाहता येतात.

टँकर : याच शब्दाचे हे अपत्य. अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी गावांना उन्हाळ्यात त्याचाच आधार असतो.