जमिनीत पुरलेले रांजण

नोव्हेंबर सरता सरता कोरियात ‘किमजांग’ची धांदल उडते. सासवा, सुना, शेजारणी एकत्र बसून हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं आंबवलेलं लोणचं, घालतात. २०१३ साली युनेस्कोने या प्रथेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. मला मात्र यातलं विज्ञानही तितकंच थोर वाटतं.

लांबट चिनी कोबीचे गड्डे उभे चिरून रात्रभर मिठात मुरवतात. मीठ पानांतलं पाणी ओढून घेतं. सकाळी जाड देठसुद्धा न मोडता वाकतो. मग धुऊन, निथळून, पानापानात मिरची, लसूण, आलं, खारवलेल्या मासळीचं वाटण भरायचं आणि रांजणात गच्च दाबायचं.

पुढचं काम ल्युकोनोस्टॉकसारख्या जिवाणूंचं. आपल्या इडलीचं पीठ फुगवणारेही हेच! त्यांना मीठ सोसतं, सडवणाऱ्या बहुतेकांना नाही. ते साखरेपासून लॅक्टिक आम्ल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतात. वायू हवा हुसकावतो, आम्ल कुजणं रोखतं.

इडलीत एका रात्रीत होणारं हे काम इथे वसंतापर्यंत लांबवायचं असतं. म्हणून रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरत. वर बर्फ साचला तरी खालची माती तेवढी गारठत नाही. किमची गोठत नाही आणि झटकन आंबतही नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना अंगण कुठलं? त्यांच्यासाठी शून्याच्या आसपास स्थिर तापमान राखणारे किमचीचे खास फ्रिज निघाले आहेत.