पडद्यावरची वीज आणि गावातली वीज

चित्रपट पाहून माणसे केस कापण्याची तऱ्हा बदलतात, हे आपण नेहमीच पाहतो. पण विजेसारख्या रुक्ष प्रश्नावर तीच माणसे कामाला लागतील का? वाचकहो, नुसते ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून भागणार नाही. दोन उदाहरणे पाहू.

पहिले अमेरिकेतले. 16 मार्च 1979 रोजी तिथे ‘द चायना सिंड्रोम’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अणुवीज केंद्रातला दोष दडपला जातो आणि दूरचित्रवाणीवरील एक वार्ताहर त्याचा छडा लावते, असे त्याचे कथानक. अणुवीज व्यवसायातल्या मंडळींना ते भडक वाटले. आणि बाराच दिवसांनी, 28 मार्चला, पेनसिल्व्हेनियातील थ्री माइल आयलंड केंद्रात खराखुरा अपघात झाला! मे महिन्यात वॉशिंग्टनमध्ये प्रचंड निदर्शने झाली.

मग हे श्रेय चित्रपटाचे का? जरा थांबा. अणुविजेला विरोध करणाऱ्या संघटना तिथे आधीपासूनच काम करीत होत्या. नव्या अणुभट्ट्यांची मागणीही आधीच घटू लागली होती, कारण खर्च वाढला होता. चित्रपटाने केले ते इतकेच, की अणुभट्टीचा गाभा वितळणे म्हणजे काय, हे सामान्य माणसाच्या कानावर आधीच घातले. लोकांच्या भीतीला शब्द मिळाले; त्या भीतीला वाट दाखवायला संघटना तयार होत्या.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे. आशुतोष गोवारीकर यांचा ‘स्वदेस’ 2004 साली आला. त्याचे बरेचसे चित्रण वाईजवळच्या मेणवलीत झाले. अमेरिकेतून आलेला शास्त्रज्ञ गावकऱ्यांना हाताशी धरून झऱ्याच्या पाण्यावर वीज तयार करतो. ही कल्पना हवेतली नाही बरं का! नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या बिलगाव या आदिवासी गावी, 2003 सालीच लोकांनी श्रमदान करून 15 किलोवॅटचे छोटे जलविद्युत केंद्र उभे केले होते.

यामागचा हिशोब सोपा आहे. सेकंदाला 100 लिटर पाणी 10 मीटर उंचीवरून पडले, तर त्यात सुमारे 10 किलोवॅट शक्ती असते. यंत्रातली घट वजा जाता निम्मी किंवा थोडी अधिक हाती लागते. पण पुढे काय? पाटातला गाळ कोणी काढायचा? उन्हाळ्यात पाणी आटले, तर वीज कोणाला किती द्यायची? वर्गणी कोण गोळा करणार? चित्रपटात दिवा लागतो आणि आपले डोळे पाणावतात. खरे काम त्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. शिवाय, गावाबाहेरचे निर्णय असतातच. बिलगावचे केंद्र 2006 च्या पावसाळ्यात सरदार सरोवराच्या फुगवट्यात सापडले. पडद्यावरचा दिवा मात्र अजून तसाच लागतो.

तेव्हा चित्रपट काम करीत नाही, तो कामाची ओढ लावतो. ती ओढ चार दिवस टिकते. तेवढ्यात माणसाला जवळपास एखादी समिती, एखादी सहकारी संस्था, निदान शाळेच्या छपरावर सौर तावदाने बसवू पाहणारे चार शेजारी भेटले, तर कार्य घडते. नाहीतर ‘छान होता हो चित्रपट’ म्हणून आपण घरी येतो, आणि रिकाम्या खोलीतला पंखा तसाच फिरत राहतो.