जगाच्या टोकावरचं घर

इंग्लंडचे मिशनरी थॉमस ब्रिजेस १८७१मध्ये पत्नी मेरी आणि लहानग्या मुलीसह दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, उशुआइयात राहायला गेले. शेजारी सगळे यागान. होडीतून फिरणारे, होडीतच विस्तव जपणारे. पुढे मेरीची बहीणही आली. मुलं तिला 'येकादाहबी' म्हणत. यागान भाषेत मावशी म्हणजे 'धाकटी आई'! त्या घरात दोन भाषा किती सहज नांदत होत्या, हे मला या एका शब्दातून कळतं. १८८६मध्ये कुटुंब हार्बर्टनला मेंढ्या पाळू लागलं; नाव मेरीच्या डेव्हनमधल्या गावाचं. थॉमस आयुष्यभर यागान शब्द टिपत राहिले. कोशात सुमारे ३२,००० शब्द जमले. पण १८८४च्या गोवराच्या साथीत ते बोलणारी कितीतरी माणसं गेली.