रिलीज नोट्स कुणासाठी? कमांड लाइनमधले बदल आणि त्यांची नोंद

नवी आवृत्ती आली की नवीन सोयी काय आल्या, हे आपण हौसेनं वाचतो. पण कमांड लाइनच्या प्रोग्रॅम्सबाबत जास्त मोलाची नोंद वेगळीच असते: पूर्वीचं वागणं कुठे बदललं? या कमांड माणसांइतक्याच स्क्रिप्टही चालवतात, आणि स्क्रिप्ट काही रिलीज नोट्स वाचत नाही. ती अडते, तेव्हा तिला सांभाळणारा माणूस नोट्स उघडतो. आपण लिहायचं ते त्या अडलेल्या माणसासाठी.

दोन उदाहरणं बघू. जानेवारी 2016 मध्ये जीएनयू कोअरयुटिल्सची 8.25 आवृत्ती आली. तिच्यात ‘एलएस’ ही कमांड, नावात मोकळी जागा असेल तर ते नाव अवतरणचिन्हांत दाखवू लागली. बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. पण मग स्क्रिप्ट मोडल्या का? उत्तर नोंदीतल्या एका अटीत आहे: आउटपुट टर्मिनलवर जात असेल तेव्हाच हा बदल लागू. पाइपमधून पुढे जाणारी नावं होती तशीच राहतात. ही अट गाळली, तर वाचणारा विनाकारण घाबरेल. आणि ज्याला जुनं रूप हवंय, त्याच्यासाठी कॅपिटल ‘एन’ हा पर्याय आहेच.

दुसरं उदाहरण ‘ग्रेप’चं. ‘ईग्रेप’ आणि ‘एफग्रेप’ ही रूपं 2007 च्या 2.5.3 आवृत्तीपासूनच कालबाह्य ठरवलेली होती. पण चालवताना तसा इशारा दिसू लागला तो 2022 च्या 3.8 मध्ये. शोधाचं उत्तर तेच. मग बिघडलं काय? इशारा स्टँडर्ड एररवर छापला जातो. तिथे काहीही येऊ नये असं धरून चालणारी चाचणी नापास होते. एरवी गप्प असणारं क्रॉनचं काम मेल पाठवू लागतं. म्हणजे ‘नुसता इशारा’ हासुद्धा बदलच, आणि त्याची नोंद हवी. उपायासकट: ‘ग्रेप’ला कॅपिटल ‘ई’ किंवा कॅपिटल ‘एफ’ जोडा.

यातून आपल्या हाती काय लागतं? नोंदीत चार गोष्टी हव्यात: आधी काय व्हायचं, आता काय होतं, कुणाला फरक पडेल, आणि त्यानं काय करायचं. ‘आउटपुटमध्ये सुधारणा केली’ एवढंच लिहिलं, तर यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.