रक्त पातळ करणारी गोळी आणि पोटाची दुर्बीण

शेतकरी बंधूंनो, बुरसलेली वैरण जनावरांना घालू नका, असे आम्ही नेहमी सांगतो. अशाच वैरणीतून माणसाच्या एका औषधाचा शोध लागला. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात स्वीट क्लोव्हर नावाचा बुरशी लागलेला चारा खाल्लेल्या जनावरांची शिंगे कापली की रक्त थांबेना. १९३३ साली विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेले रक्त घेऊन तिथल्या विद्यापीठात गेला. कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने चाऱ्यातला दोषी पदार्थ हुडकला. त्याच कुळातले वॉरफेरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून आणि १९५४ मध्ये माणसांचे औषध म्हणून आले.

हृदयात कृत्रिम झडप असलेल्या रोग्यांना बहुधा वॉरफेरिन देतात; ठोके अनियमित आहेत, पायाच्या शिरेत गुठळी झाली, अशा रोग्यांना वॉरफेरिन किंवा एपिक्साबॅनसारखी नवी गोळी देतात. स्टेंट बसवलेल्यांना ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल असते. गुठळी होत नाही हा फायदा; पण जखम झाली की रक्त लवकर थांबत नाही.

म्हणून एंडोस्कोपीच्या वेळी जपावे लागते. दुर्बिणीने नुसते आत पाहायचे किंवा तपासणीला बारीक तुकडा घ्यायचा, तर धोका कमी. बहुधा गोळी पूर्ण बंद करत नाहीत. आतड्यातला कोंब कापणे किंवा पित्तनलिकेचे तोंड कापून खडा काढणे, यात मात्र रक्तस्राव होऊ शकतो. अशा वेळी वॉरफेरिन साधारण ५ दिवस आधी थांबवून आयएनआर ही रक्ततपासणी करतात. क्लोपिडोग्रेल बहुधा ७ दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन चालूच ठेवतात.

पण "दुर्बीण घालायची हाय, गोळी बंद करून टाकू" असे परस्पर करू नका. गोळी सुटली तर झडपेवर वा स्टेंटमध्ये गुठळी होऊन झटका किंवा लकवा येऊ शकतो. कोणती गोळी किती दिवस थांबवायची, हे हृदयाचे आणि दुर्बिणीचे डॉक्टर मिळून ठरवतात.

एवढे करा: तपासणीची तारीख घेतानाच गोळ्यांची पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवा. सांधेदुखीची गोळी, झाडपाल्याचे औषध, सगळे सांगा. गोळी पुन्हा केव्हा सुरू करायची, ते लिहून घ्या. कोंब काढल्यावर दोन आठवड्यांपर्यंत काळी, डांबरासारखी शौच झाली, रक्त पडले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.